भिलाईतली कोशेर पंगत: हिशेब करता करता सापडलेलं एक स्वयंपाकघर

लग्नाच्या जेवणाचा हिशेब करताना कुणी हरखून जातं का? मी गेले! आयुष्य बिलं तपासण्यात गेलं, रकान्यांची बेरीज जुळली की समाधान वाटायचं, पण एखाद्या अंदाजपत्रकाने मला रात्री झोपू दिलं नाही असं कधी घडलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात ते घडलं, आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी कोशेर जेवणाबद्दल सांगत सुटले आहे.

झालं असं की, सेक्टरमधल्या आमच्या गल्लीतल्या काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं. काकू बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. काका पोलाद कारखान्यात नोकरीला लागले म्हणून हे कुटुंब भिलाईला आलं आणि इथलंच झालं. लग्न ठाण्याला, 1879 सालच्या शार हशामाइम सिनेगॉगमध्ये होणार होतं. पण काकांचे सगळे सोबती भिलाईत. चाळीस वर्षांच्या शेजाराला जेवू घातल्याशिवाय मुलगी कशी पाठवायची? म्हणून रिसेप्शन इथे. इस्रायलमधल्या अश्दोदहून नातलग येणार, ठाण्याहून येणार, आणि त्यांतले काहीजण कोशेरशिवाय पाण्याचा घोटही घेणार नाहीत. काकूंनी माझ्यापुढे वही ठेवली आणि म्हणाल्या, "अगं, तू हिशेबातली बाई. एवढं मला बसवून दे. पंगत एकच हवी. पाव्हण्यांना वेगळी पाकिटं आणि गावाला वेगळं जेवण, असं मला नको."

कोशेर, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे खायला चालणारं अन्न, एवढं मला ऐकून माहीत होतं. एका मोठ्या शहरातल्या केटररचं कोटेशन वहीत चिकटवलेलं होतं. त्यात ताटामागे एकच आकडा, आणि तोही नेहमीच्या लग्नाच्या ताटाच्या कितीतरी पट. फोड नाही, तपशील नाही. हिशेबातल्या माणसाला असा अखंड आकडा बघवत नाही. मी काकूंना म्हटलं, हे महाग का आहे ते मला एकेक करून सांगा. त्या सांगत गेल्या, ठाण्याच्या हजानांना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना, फोन लावून शंका विचारत गेल्या, आणि माझ्यासमोर एक अख्खं शास्त्र उलगडत गेलं!

सगळ्याचं मूळ एका विभागणीत आहे. ज्यू स्वयंपाकघरात अन्नाचे तीन गट असतात: दुधाचं, मांसाचं, आणि ज्यात दोन्ही नाही ते. या तिसऱ्या गटाला पारवे म्हणतात. धान्य, डाळी, भाज्या, फळं, तेल, अंडी, मासे हे सगळं पारवे. दूध आणि मांस एका ताटात येत नाही, एका भांड्यात शिजत नाही, आणि मांस खाल्ल्यावर दूध घ्यायचं तर बरेचजण सहा तास थांबतात. म्हणजे मेनूत चिकन बिर्याणी आणि रसमलाई दोन्ही हवं म्हटलं की खर्च परवडेनासा होतोच, कारण तुम्हाला दोन स्वयंपाकघरं लागतात! दोन संच पातेली, दोन संच झारे, धुण्याची दोन ठिकाणं, वाढण्याची दोन टेबलं. बाहेरून दिसतो तो ताटाचा वाढीव दर. आत असतो हा दुप्पट संसार.

त्या कोटेशनची फोड मी अशी करायला घेतली. पहिला खर्च सुरीचा. कोंबडी किंवा बकरा कोशेर व्हायचा तर तो शोहेतने, म्हणजे शिकलेल्या, मान्यता असलेल्या माणसाने, ठरलेल्या पद्धतीने कापायला हवा. त्याच्या सुरीच्या पात्यावर खाच चालत नाही. तो बोटाने आणि नखाने धार पुन्हा पुन्हा तपासतो. बकऱ्याची फुप्फुसं पाहतात, त्यात दोष निघाला तर अख्खा बकरा बाद, म्हणजे त्या जोखमीचाही पैसा धरायचा. मग मांस अर्धा तास पाण्यात, तासभर जाड्या मिठात, आणि तीनदा धुणं, कारण रक्त खायचं नाही. यातली प्रत्येक पायरी मजुरीची आहे. भारतात पिढ्यान् पिढ्या अनेक ठिकाणी सिनेगॉगचे हजानच हे काम करत आले. पण बेने इस्राएलींचे सिनेगॉग तिकडे पश्चिमेला, मुंबईत, ठाण्यात, पुण्यात, अलिबागेत, आणि भिलाई तिथून अकराशे किलोमीटरच्या आसपास. माणूस आणायचा तर रेल्वेचं भाडं, राहणं, त्याचं मानधन. मांस तिकडून आणायचं तर मीठ लावून, गोठवून, दोन वेगळी सीलं लावून, बर्फात.

दुसरा खर्च भांड्यांचा. भांडं अन्नाची चव शोषतं, असं हे शास्त्र मानतं. वापरलेलं धातूचं भांडं चालवायचं तर ते चोवीस तास कोरडं ठेवून मग उकळत्या पाण्यातून काढायचं. थेट आगीवर धरलेली सळई किंवा जाळी असेल तर ती आगीतच तापवायची. मातीचं भांडं मात्र असं शुद्ध होतच नाही. ज्यू माणसाने विकत घेतलेलं नवं धातूचं भांडंही वापरण्याआधी नैसर्गिक पाण्यात, विधीच्या कुंडात बुडवायचं. तिसरा खर्च आगीचा: शेगडी ज्यू माणसाने पेटवायची, आणि बेने इस्राएली ज्या सेफार्दी रीतीने चालतात त्यात पातेलंही त्यानेच चढवायचं. चौथा खर्च नजरेचा. सामान उतरल्यापासून शेवटचं ताट वाढेपर्यंत कुणीतरी धर्म जाणणारा माणूस स्वयंपाकघरात हजर हवा. मोठ्या शहरांत याचे दिवसाचे पैसे मोजावे लागतात. आणि पाचवा खर्च निवडण्याचा: किडा-मुंगी खाणं निषिद्ध असल्याने डाळ, तांदूळ, पालेभाजी, फ्लॉवर, सगळं उजेडात, डोळ्यांत तेल घालून बघायचं.

हे पाच रकाने आखले आणि मला पहिल्यांदा लख्ख दिसलं: यातले बहुतेक खर्च माणसांच्या संख्येवर अवलंबूनच नाहीत! शोहेत शंभर माणसांसाठी आला काय आणि चारशेंसाठी आला काय, त्याचं रेल्वेचं तिकीट तेवढंच. देखरेख करणारा तोच, पातेली उकळण्याची खटपट जवळपास तीच. एसटीची आख्खी गाडी ठरवली की माणसं वाढतील तसं डोईमागचं भाडं उतरतं, तसाच हा प्रकार. समजायला सोपे आकडे घेऊ. समजा, हा बांधलेला खर्च साठ हजार रुपये आणि प्रत्येक ताटाचा शिधा, इंधन, मजुरी मिळून साडेचारशे. शंभर माणसं असतील तर ताट पडेल एक हजार पन्नासला. दोनशे असतील तर साडेसातशेला. तीनशेंना साडेसहाशे, चारशेंना सहाशे. म्हणजे कोशेर जेवणात पाहुणे कापले तरी बांधलेला खर्च तेवढाच राहतो. खरी बचत बांधलेला खर्च खाली आणण्यात आहे. आणि पाव्हण्यांना वेगळं, गावाला वेगळं असं केलं असतं, तर तो सगळा बांधलेला खर्च मोजक्या तीस-चाळीस ताटांवर पडला असता. काकूंनी मनाच्या मोठेपणाने मागितलेली एकच पंगत, हिशेबानेही शहाणपणाचीच निघाली! हे उमगलं तेव्हा मी वही घेऊन त्यांच्या घरी अक्षरशः धावत गेले.

मग प्रश्न उरला तो हा बांधलेला खर्च उतरवायचा कसा. आणि इथे काकूंनी मला कोकण दाखवलं.

बेने इस्राएलींची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. सात पुरुष, सात बायका वाचल्या. ते गावोगाव वसले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. पेणकर, किहीमकर, रोहेकर, नवगावकर अशी गावांची आडनावं त्यांनी घेतली, मराठी घेतली, पण खाण्याचा नियम सोडला नाही. त्यांच्याकडे सांगतात, डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू धर्मशिक्षक कोकणात आला तेव्हा हे लोक खरंच ज्यू आहेत का हे बघायला त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. ज्याला खवले आणि पर दोन्ही आहेत तेवढेच मासे त्यांनी रांधायला घेतले, बाकीचे बाजूला सारले. त्याला उत्तर मिळालं!

आता या गोष्टीकडे हिशेबाच्या नजरेने बघा. माशाला शोहेत लागत नाही. माशाला मीठ लावून रक्त काढायचं नसतं. मासा पारवे असतो. पंगतीत सामिष पदार्थ तर हवा, पण सुरीचा अख्खा रकाना शून्यावर आणायचा, तर उत्तर मासा! आणि भिलाई-दुर्गच्या बाजारात रोहू आणि कतला काय कमी आहेत? छत्तीसगड हा तळ्यांचा मुलूख. दोन्ही माशांना ठसठशीत खवले. मांगूर बाद, त्याला खवलेच नसतात; झिंगे बाद. मी काकूंबरोबर बाजारात गेले तेव्हा त्यांनी मासा कसा पारखला ते सांगते. कापलेले तुकडे घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. अख्खा रोहू हातात घेतला, शेपटीकडून डोक्याकडे अंगठ्याचं नख सरकवलं, एक खवला अलगद उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. पारदर्शक, नखाएवढा, कडेला बारीक वलयं. कातडी न फाटता खवला निघतो ना, हेच बघायचं असतं. कातडीवर खवल्यांची एक पट्टी राखून ठेवायला त्यांनी सांगितलं, म्हणजे स्वयंपाकघरातल्या देखरेखवाल्यालाही खात्री करता यावी. सुरी घरची, पाटही घरचा. दोनशे माणसांना दीडशे ग्रॅम साफ मासा धरला तर तीस किलो होतो. साफ करताना साधारण तिसरा हिस्सा जातो, म्हणून पंचेचाळीस किलो अख्खा मासा मागवायचा. किती स्वच्छ गणित!

रस्सा नारळाच्या दुधाचा. हेही कोकणातल्या या बायकांनी कधीच सोडवून ठेवलेलं कोडं आहे. मांसाबरोबर दही-साय चालत नाही, मग रश्श्याला दाटपणा आणि गोडी आणायची कशाने? परसात माड आहे, नारळ आहे! बेने इस्राएली स्वयंपाकात कोंबडीच्या रश्श्यापासून गोडाच्या ताटापर्यंत गाईच्या दुधाची जागा नारळाच्या दुधाने घेतलेली दिसते. आम्ही चार माणशी एक नारळ धरला. तयार पावडरीचं पाकीट स्वस्त पडतं, म्हणून मी आधी ते लिहिलं होतं. काकूंनी पाकीट उलटं करून बारीक अक्षरांतला मजकूर वाचायला लावला. नारळाच्या दुधाच्या पावडरीत पुष्कळदा दुधातलं प्रथिन घातलेलं असतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका फक्त शाकाहारी आहे एवढंच सांगतो, दूध आहे की नाही ते सांगत नाही. तेव्हापासून मी किराण्याच्या दुकानात प्रत्येक पाकीट उलटं करून वाचते, आणि मला त्यात प्रचंड गोडी वाटते!

पुढचा निर्णय हिशेबातला सगळ्यात मोठा होता: पंगतीत दुधाचा थेंबही आणायचा नाही. पारवे जेवणावर दूध नियमाने चालतं, पण काही घरांत माशासोबत दूध घेत नाहीत, आणि एकदा दूध आलं की दुधाची भांडी वेगळी ठेवणं आलं. अख्खं स्वयंपाकघर पारवे ठेवलं तर भांड्यांचा एकच संच पुरतो. पनीर गेलं, आणि पनीर हा आमच्याकडच्या शाकाहारी लग्नाच्या बिलातला जड रकाना, हे भिलाईत लग्न केलेल्या कुणालाही विचारा. शिवाय पनीर कुणी, कशाने नासवलं यावरही शंका निघतात. आइस्क्रीमचा काउंटर गेला. तूप गेलं. शेवटी गवती चहा घातलेला, लिंबू पिळलेला कोरा चहा.

"मग गोड काय?" मी विचारलं. काकू म्हणाल्या, "हलवा. चिकाचा." चिकाचा! मी वर्‍हाडातल्या आजीच्या हाताखाली वाढलेली पोर. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, पिळायचे, रात्रभर चीक खाली बसू द्यायचा: हे तर आमच्याकडे कुरडयांसाठी दर उन्हाळ्यात चालायचं! बेने इस्राएली तोच चीक नारळाच्या दुधात आणि साखरेत शिजवतात, नव्या वर्षाच्या सणाला हमखास करतात. काकूंच्या अंगणात मोठ्या कढईत तो शिजत होता तेव्हा मी झारा धरला होता. आधी पातळ पांढरं पाणी, मग एकदम गाठी धरू पाहणारा गोळा, मग तासाभराच्या ढवळण्यानंतर त्याला चकाकी येते आणि तो कढईच्या कडा सोडू लागतो. झारा उचलला की एकसंध पडदा खाली उतरतो. तेव्हा गॅस बंद. परातीत ओतून वर बदामाचे काप, आणि थंड झाल्यावर सुरीने वड्या. विकतच्या मिठाईच्या तुलनेत खर्च विचाराल तर गहू, साखर, नारळ, आणि भरपूर मनगट!

भांड्यांचं कोडं सुटलं ते टेंट हाऊसमध्ये. भाड्याची पातेली म्हणजे त्यात आधी काय शिजलं कुणास ठाऊक. सगळी उकळून काढायची तर गॅस आणि एक अख्खा दिवस. नवी विकत घ्यावीत तर पैसे, आणि वर ती विधीपूर्वक बुडवायची. पण भाड्याने घेतलेलं भांडं मालकाचं असतं आणि मालक ज्यू नसेल तर ते बुडवावं लागत नाही, हे हजानांनी फोनवर सांगितलं. मग मला सुचलं: टेंट हाऊसवाले हंगामाआधी नवा माल भरतातच. आमच्या टेंट हाऊसच्या भैयांना मी विचारलं, नव्या पातेल्यांचं पहिलं काम आम्हाला द्याल का? भाडं नेहमीचंच, पण तुमच्या भांड्यांची सुरुवात लग्नघरातून होईल. त्यांना तर ते शुभच वाटलं! कंपनीचे कागद चिकटलेली कोरी डेगं, गंज, झारे, पराती थेट मांडवात उतरले. उकळणं नाही, बुडवणं नाही, स्वच्छ धुतलं की झालं. भांड्यांचा रकाना नेहमीच्या लग्नाइतकाच राहिला.

आणि ताटं? छत्तीसगडच्या जंगलातली सालाची पानं! दोना-पत्तल! कोऱ्या पानावर कुणी कधी जेवलेलं नाही, धुण्याचा खर्च नाही, मोडीत निघत नाही. ज्या गोष्टीसाठी इतर शहरांत महागडी डिस्पोजेबल ताटं मागवतात, ती आमच्या बाजारात शेकड्याने मिळते.

मेनूचं उरलेलंही या मातीने पुरवलं. तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरे, वर तिळाची फोडणी. भिजवलेल्या चणाडाळीच्या वाफवलेल्या बफौऱ्या. गूळ-तांदळाचे, तेलात तळलेले अइरसे. एकातही दूध नाही, एकातही मांस नाही. छत्तीसगडचं निम्मं फराळाचं ताट मुळातच पारवे आहे, आणि इथे राहून मला ते कधी जाणवलं नव्हतं! लग्नाआधी बेने इस्राएली मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळं, आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं स्मरण. पोहे भाटापाऱ्याचे, आमच्या राज्यातलेच. ठाण्याचा मलिदा छत्तीसगडी पोह्यांचा झाला, आणि पाहुण्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला.

निवडण्याच्या मजुरीवरही उपाय मेनूतच होता. फ्लॉवर आणि पालेभाजी वगळली, कारण त्यांचा तुरा न् तुरा, पान न् पान मिठाच्या पाण्यातून काढून बघायचं. लाल भोपळा, बटाटा, दुधी ठेवले. सोलले, चिरले की सगळं उघड दिसतं. तांदूळ-डाळ निवडायला गल्लीतल्या बायका जमल्या. पांढऱ्या चादरी, वर ट्यूबलाइट, आणि तोंडाने लग्नाची गाणी. मजुरी शून्य. देखरेखीला काकूंचा ठाण्याचा भाचा आला, तो नियम पाळणारा. रात्री स्वयंपाकघराला कुलूप, किल्ली काकूंच्या कमरेला. पहाटे सगळ्या शेगड्या काकूंनी पेटवल्या आणि प्रत्येक पातेलं भाच्याने चढवलं. आमचे आचारी महाराज हात जोडून उभे होते. पातेलं चढल्यावर पुढची फोडणी त्यांची.

महाराजांशी ठरवताना मला एक गोष्ट पक्की कळली: सगळ्या अटी इसार देण्याआधी कागदावर लिहायच्या. तेल सीलबंद डब्यातलंच. मसाले अख्खे आणून इथेच कुटायचे. मांडवात बाहेरचा डबा कुणी उघडायचा नाही, कारागिरांचा चहा वेगळ्या शेडमध्ये. सभागृहाला आधी विचारायचं की बाहेरचा केटरर आणला तर वेगळे पैसे घेता का, आणि दर जीएसटी धरून आहे की सोडून. या साध्या प्रश्नांनी शेवटच्या दिवशीची सगळी ओढाताण टळते.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेला शोध: तारीख! शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत शब्बाथ, त्यात चूल पेटत नाही. रविवारचं जेवण ठेवलं तर सगळी तयारी शनिवारच्या एका रात्रीत कोंबावी लागते आणि कारागीर दीडपट मागतात. म्हणून आम्ही आठवड्याच्या मधला वार धरला, त्या दिवशी सभागृहाचं भाडंही उतरलेलं. त्याहून मोठं म्हणजे, डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत इकडे खरमास असतो. हिंदू लग्नं होत नाहीत. टेंटवाले रिकामे, आचारी रिकामे, मंगल भवनं रिकामी! ज्यू पंचांगात लग्नाला न चालणारे काळ आहेत, पण ते वेगळे: पेसाह या सणानंतरचे काही आठवडे, जुलै-ऑगस्टच्या सुमारास जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळतात ते तीन आठवडे, मोठे सण. डिसेंबर मोकळा. दोन पंचांगं शेजारी ठेवून पाहिली आणि हंगामातले चढे दर आपोआप गळून पडले!

ठाण्याचं लग्नही मी पाहिलं. वधू आत येताना नवऱ्या मुलाने उभं राहून तिच्यासाठी हिब्रू गीत गायलं. ही बेने इस्राएलींची खास रीत. लग्नाचं करारपत्र वाचलं गेलं. आशीर्वादाच्या पेल्यात काळ्या मनुकांचं सरबत होतं. कोशेर वाइन महाग, कारण द्राक्षं चिरडल्यापासून सील लागेपर्यंत तिला देखरेख लागते; कोकणातल्या या लोकांनी मनुका भिजवून, उकळून, पिळून, गाळून घरीच पवित्र पेला भरला. पुन्हा तेच: नियम जसाच्या तसा पाळला आणि खर्च आवाक्यात ठेवला.

भिलाईच्या पंगतीत आणखी एक गोष्ट घडली ती सांगितलीच पाहिजे. आमच्या काही शाकाहारी शेजारणी माशामुळे बिचकत होत्या. भाजीचा झारा माशात जाणार नाही ना, हे त्यांनी मला हळूच विचारलं. मी त्यांना सरळ स्वयंपाकघरात नेलं. माशाची शेगडी वेगळ्या कोपऱ्यात, पातेली वेगळी, झाऱ्यांना रंगीत दोरे बांधलेले, भाचा उभा. इतकी वेगळेपणाची काळजी त्यांनी कुठल्याच लग्नात पाहिली नव्हती. त्या निश्चिंत जेवल्या. अश्दोदचे पाहुणेही निश्चिंत जेवले. तिकडे बहुतेक मंगल कार्यालयांकडे कोशेरचं प्रमाणपत्र असतं, म्हणून वेगळा हिशेब करावाच लागत नाही, असं ते सांगत होते; आणि आहेराच्या पाकिटात आपल्या ताटाचा खर्च निघेल एवढी रक्कम घालायची तिथली पद्धत. बिनदेखरेखीच्या गावात उभी राहिलेली ही पंगत पाहून ते महाराजांचा हात सोडायला तयार नव्हते.

शेवटी ताट पडलं ते भिलाईतल्या चांगल्या शाकाहारी लग्नाच्या ताटाच्या जवळपास. त्या पहिल्या कोटेशनच्या आसपासही नाही!

म्हणून ज्यांच्या घरात असं लग्न निघालं आहे, मग ते नागपुरात असो, इंदुरात असो की रायपुरात, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. दर विचारायला आधी जाऊ नका. आधी आपल्या हजानांना किंवा घरच्या जाणत्यांना विचारून नियम लिहून घ्या, कारण घरोघरी रीत थोडी बदलते. मग वहीच्या पहिल्या ओळीवर लिहा: दूध, मांस, की दोन्ही नाही? ते ठरलं की भांडी ठरतात. भांडी ठरली की माणसं ठरतात. मग दोन पंचांगं बघून तारीख. जिथे राहता तिथलं कुठलं अन्न मुळातच चालतं ते शोधा, बाजारात जा, खवले बघा, पाकिटं उलटी करून वाचा. ताटामागचा आकडा सगळ्यात शेवटी लिहा. तोवर तो पुरेसा खाली आलेला असतो, आणि तो का तेवढा आहे हे तुम्हाला पैशापैशानिशी माहीत असतं.